पट मांडावा कधी, मिटावा कधी

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळत बसले आहेत. हाच प्रसंग १४ क्रमांकाच्या रावण की खाईत आहे आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यातही आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात विधुरपंडित जातकाची चित्रे आहेत, त्यांतही फाशांचा डाव रंगलेला दिसतो. छत्रपती संभाजीनगरहून दिवसाभरात जाऊन यावे एवढ्या अंतरावर खेळाचे इतके जुने प्रदर्शन असावे, हा या शहराचा भाग्ययोगच. पण वेरूळच्या शिल्पकाराने नेमके काय दाखवले आहे, ते नीट पाहिले पाहिजे. पट आणि फासे त्याने जेमतेम कोरले. त्याचे लक्ष खेळणाऱ्या दोघांवर, त्यांच्यातल्या रुसव्याफुगव्यावर आणि खाली नंदीला सतावणाऱ्या गणांवर आहे. आजचा घरगुती संग्राहक बरोबर उलट करतो. गंजिफेची गोल पाने काचेत चिकटवतो, सारीपाट चौकटीत ठोकतो, बुद्धिबळाची जुनी प्यादी दिव्याखाली ओळीने उभी करतो. त्यात वस्तू दिसते, खेळ दिसत नाही; आणि दिसणारी वस्तूही दहा-पंधरा वर्षांत खराब होते. जुन्या खेळांच्या बाबतीत मूळ वस्तू ही मुख्यतः मिटून, अंधारात ठेवायची गोष्ट आहे, दाखवायचा आणि खेळायचा पट वेगळा असावा आणि नियमांची वही हा संग्रहाचा तिसरा, सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असे माझे मत आहे.

‘जुने खेळ’ म्हटले की आता फार वेगवेगळ्या गोष्टी एका कपाटात येतात. मखमलीचा किंवा सुती सारीपाट, लाकडी सोंगट्या, हाडाचे किंवा हस्तिदंताचे फासे, कवड्या, सावंतवाडीच्या किंवा अन्य ठिकाणच्या गंजिफा, मोक्षपट या जुन्या सापशिडीची एखादी प्रत, लाकडी कॅरम, सत्तर-ऐंशीच्या दशकातले पुठ्ठ्याच्या खोक्यातले ‘व्यापार’, छापील सापशिडी-ल्युडो, मेकॅनिक्सचे सुटे भाग आणि अलीकडे टीव्हीला जोडायचे कार्ट्रिजवाले गेम व सेलवर चालणारे ब्रिक गेम. कापड, कागद, लाख, लाकूड, शिंपला, धातू, प्लास्टिक, सर्किट अशा या साऱ्या सामग्री, आणि प्रत्येकीचा शत्रू वेगळा. नाणी किंवा तिकिटे जमवणाऱ्याला ही अडचण येत नाही, कारण त्याचा सगळा माल एकाच जातीचा असतो. त्यामुळे नाण्यांच्या संग्राहकाकडून उसनी घेतलेली काचेच्या कपाटाची सवय खेळांना लागू पडत नाही.

त्यातून आपले जुने खेळ मुळात घडी घालण्यासाठीच बनले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. सारीपाटाच्या चार पट्ट्या एकमेकींवर दुमडतात आणि सोंगट्या, फासे पोटात घेऊन त्याचे गाठोडे होते. गंजिफांचा जोड रंगवलेल्या लाकडी पेटीत येतो आणि ती पेटी खेळाचाच भाग असते. दशावतारी गंजिफेची दहा रंगांची, प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने त्या पेटीत एकावर एक बसतात, मोगली जोडाची ९६. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला आणि भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या वा. ल. मंजुळांनी ज्याचा माग काढला तो मोक्षपटही भिंतीवर टांगायचे चित्र नव्हता. तो जमिनीवर पसरायचा आणि डाव संपला की गुंडाळून ठेवायचा. वाड्यातल्या दिवाणखान्यात शस्त्रे टांगलेली असत, तसबिरी असत, हरणाची शिंगेही असत. सारीपाट मात्र कोनाड्यात नाहीतर पेटीत असे. भिंतीवरचा पट ही चौकटी आणि काचा स्वस्त झाल्यानंतरची आवड आहे. जुनी पद्धत जुनी म्हणूनच बरोबर, असे काही नाही. पण इथे तिच्या बाजूने रसायन आणि हवामान दोन्ही बोलतात.

हवामानाचेच पाहा. मराठवाड्याच्या या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, पारा चाळिशी ओलांडतो. ऑगस्टच्या सकाळी तीच आर्द्रता ऐंशीच्या वर जाते. मुंबईत ओल जास्त असते, पण ती बरीचशी सतत असते. इथे लाकूड उन्हाळ्यात सुकून आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते, आणि दरवर्षीच्या या ये-जा करण्याने डिंकाने जोडलेले पटाचे चौकोन सुटतात, कॅरमचे प्लायवूड पोट काढते, सोंगटीवरच्या लाखेला बारीक भेगा पडतात. संग्रहाला खरा धोका या चढउताराचा आहे. स्थिर राहिलेल्या, बेताच्या कोरडेपणाला किंवा ओलीला वस्तू बऱ्याच अंशी सरावते. आणि या चढउतारात आपण स्वतः भर घालतो ती डेझर्ट कूलरने. मे महिन्यात दिवसभर कूलर चाललेल्या खोलीत हवा दमट होते, रात्री तो बंद केला की पुन्हा कोरडी. म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा एकाच दिवसात. ज्या बैठकीच्या खोलीत कूलर असतो, नेमक्या त्याच खोलीत पाहुण्यांना दिसावे म्हणून काचेचे कपाटही असते, हा योगायोग संग्रहाला महागात पडतो.

दुसरी आवडती जागा म्हणजे माळा. सिडको-हडकोच्या वसाहतींत वरच्या मजल्याचा स्लॅब मे महिन्यात असा तापतो की पंख्याची हवाही गरम लागते, आणि माळा त्याच स्लॅबच्या लगत असतो. पारंपरिक पद्धतीच्या गंजिफेत चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले थर असतात आणि वर लाखेचा लेप असतो. लाख उष्णतेने मऊ पडते. वर वजन असेल तर मऊ झालेली पाने एकमेकांना धरतात आणि सोडवताना रंग निघून येतो. चिंचोक्याची खळ हे तर कसरीचे आणि झुरळांचे जेवणच. म्हणून गंजिफांच्या जोडासाठी माळ्यावर, इतर सामानाच्या खाली, यासारखी वाईट जागा नाही. घरातल्या मधल्या भिंतीचे, जमिनीपासून वीतभर वर असलेले, पश्चिमेच्या उन्हापासून आणि न्हाणीघराच्या भिंतीपासून दूरचे कपाट यांतले काहीच करत नाही. गावठाणातल्या जुन्या, जाड दगडमातीच्या भिंतींच्या घरांना या बाबतीत नव्या फ्लॅटपेक्षा सोय जास्त आहे. मात्र तिथे वाळवीकडे डोळा ठेवावा लागतो.

प्रकाशाची गोष्ट अजून निश्चित आकड्यांची आहे. संग्रहालयांत कागद, कापड आणि जलरंगांसाठी पन्नास लक्सची मर्यादा पाळतात. खिडकीजवळच्या कपाटावर दिवसा याच्या कितीतरी पट प्रकाश पडतो. प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते. पाचशे लक्सच्या दिव्याखाली एक महिना म्हणजे पन्नास लक्सखाली दहा महिने. एलईडीत अतिनील किरण फार कमी असतात, त्यामुळे ती जुन्या ट्यूबलाइटपेक्षा बरी. पण दृश्य प्रकाशही रंग उडवतोच, आणि उडालेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही. सारीपाटाच्या मखमलीचा जो भाग वर आला तो फिका आणि जो घडीत राहिला तो गडद, असे जुने पट बाजारात नेहमी दिसतात. जो भाग मिटून राहिला तोच वाचला, हे तो पट स्वतःच दाखवतो.

घरगुती उपायांनीच झालेले नुकसान याहून कमी नाही. पानांच्या जोडाला रबरबँड लावायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. रबर उष्णतेत वितळते, पानाला चिकटते, आणि तो तपकिरी डाग निघत नाही. डांबरगोळ्यांचा वास कसरीला दूर ठेवतो खरा, पण त्यांची वाफ काही कठीण प्लास्टिकला मऊ करते, आणि बंद खोलीत माणसालाही ती चांगली नाही. ल्युडोच्या जुन्या प्लास्टिक सोंगट्यांच्या डब्यात त्या टाकू नयेत. मऊ विनाइलचा पट आणि कठीण प्लास्टिकची प्यादी एकत्र दाबून ठेवली तर विनाइलमधला तेलकट पदार्थ प्याद्यांत उतरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. कवड्यांचे दुखणे फार जणांना माहीत नाही. कवडी म्हणजे चुना. लाकडाच्या, त्यातही नव्या प्लायवूड-एमडीएफच्या बंद खणात ज्या आम्लधर्मी वाफा साचतात, त्यांनी कवडीवर पांढरी भुकटी धरते आणि तिची चकाकी कायमची जाते. लोक ही बुरशी समजून पुसतात. ती बुरशी नसते, कवडीच झिजत असते. कवड्या सुती पिशवीत, हवा खेळेल अशा जागी ठेवणे बरे. कॅरम भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये. सपाट ठेवा, किंवा उभाच ठेवायचा तर पूर्ण टेकून, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला नको. टीव्ही गेमच्या बाबतीत पहिले काम म्हणजे सेल काढून ठेवणे, कारण फुटलेल्या पेन्सिल सेलचा द्रव तांब्याच्या पट्ट्या खातो. जुन्या प्लास्टिकचे पिवळे पडणे मुख्यतः ऊन आणि उष्णतेने होते. तेव्हा टीव्हीवर वर्षानुवर्षे ऊन खात बसलेला गेम पिवळा पडला, यात आश्चर्य काही नाही.

याला उत्तर महागडे नाही. स्वच्छ धुतलेला, खळ गेलेला मांजरपाट हे उत्तम वेष्टन आहे. तो धूळ अडवतो, प्रकाश अडवतो आणि पेटीत भरपूर कापड असले की ते ओलावा घेत-सोडत राहते, त्यामुळे पेटीच्या आतली हवा बाहेरच्या हवेइतक्या झपाट्याने बदलत नाही. पोथ्या बासनात बांधण्यामागे हेच तत्त्व होते. कागदाच्या बाबतीत तर या शहराला शेजारचाच आधार आहे. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आहे, आणि ती तुघलकाच्या काळापर्यंत नेली जाते. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडून ठिसूळ होत नाही. रंग आणि तुरटी नसलेला कागद मागून घ्यावा, म्हणजे घड्यांच्या मध्ये घालायला तो चांगला. सारीपाट दरवेळी त्याच रेषेवर न मोडता, घडीत कापडाची गुंडाळी घालावी. ‘व्यापार’ची खोकी आडवी ठेवावीत, दोन-तीनपेक्षा जास्त एकावर एक रचू नयेत, नोटा, घरे, कार्डे पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात वेगवेगळी. आणि एक आर्द्रतामापक घ्यावा, काही शे रुपयांत मिळतो. तो पेटीत ठेवून वर्षभराचे आकडे लिहिले की कुठले कपाट चांगले, हा घरातला वाद आपोआप मिटतो. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यापुरत्या ठीक. त्या वर्षभर ठेवल्या तर मे महिन्यात आधीच कोरडे झालेले लाकूड आणखी कोरडे करतात.

इतके सगळे मान्य केले तरी एक आक्षेप उरतोच, आणि तो वजनदार आहे: पेटीत बंद असलेला संग्रह हा संग्रह कसला? जे कुणी पाहत नाही ते जपायचे कशाला? इथे मोठ्या संग्रहालयांचा हिशेब उपयोगी पडतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे अडीच हजार. म्हणजे आठातली एक. ज्या माणसाने १९२० च्या सुमारापासून आयुष्यभर वस्तू गोळा केल्या आणि १९६२ मध्ये त्या शासनाच्या हवाली केल्या, त्याच्या मुलाच्या नावाच्या वास्तूतही सात वस्तू आत असतात तेव्हा आठवी बाहेर असते. जागा अपुरी, हे त्याचे एक कारण. पण सगळे एकदम मांडले की बघणारा काहीच बघत नाही, हेही खरे. घरात तर पाहणारे तेच ते असतात. रोज दिसणारा पट महिन्याभरात भिंतीचा भाग होतो. एका वेळी एकच खेळ, महिना-दीड महिना, आणि तोही अर्ध्यात आलेला डाव मांडून, शेजारी नियमांची चिठ्ठी ठेवून, असे दाखवले तर येणारा माणूस थांबतो, विचारतो, बसतो. बाराही महिने भरलेल्या काचेच्या कपाटाने हे साधत नाही.

मूळ पट केव्हा काढावा, याचे उत्तर आपल्या पंचांगाने देऊन ठेवले आहे. कोजागरीच्या रात्री जागरणात अक्षक्रीडा सांगितली आहे, आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदा, आपला दिवाळीचा पाडवा, द्यूतप्रतिपदा म्हणूनही ओळखला जातो. या दोन तिथींच्या मध्ये साधारण पंधरवडा जातो. नेमक्या याच दिवसांत मराठवाड्यातून पाऊस परतलेला असतो, हवेतली ओल उतरलेली असते आणि उन्हाळ्याचा टोकाचा कोरडेपणा दूर असतो. वर्षभरात पेट्या उघडून, वस्तू सावलीत वाऱ्यावर ठेवून, कसर-भुंगा पाहून पुन्हा बांधण्यासाठी याहून चांगला काळ नाही. सण आणि देखभाल एकाच कामात उरकतात. असे पूर्वजांनी आर्द्रता मोजून ठरवले, असे म्हणण्याची गरज नाही. जमून आले आहे, तर त्याचा फायदा घ्यावा.

दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचा. खेळ खेळण्यासाठीच असतो, झिजला तर झिजू दे, झीज हेच त्याचे आयुष्य, असे ते म्हणतात. सर्वसामान्य खेळांना हे मी पूर्ण मान्य करतो. घरातला कॅरम, ऐंशीच्या दशकातला ‘व्यापार’, ब्रिक गेम हे हजारोंनी बनले. ते पोरांच्या हातात असावेत, आणि खोक्याचा कोपरा फाटला म्हणून कुणाला रागावू नये. कोरे खोके म्हणून जास्त किंमत, हा बाजाराचा हिशेब आहे. पण हाताने रंगवलेल्या गंजिफांचा शंभर वर्षांचा जोड पुन्हा होणार नाही. त्यातले एक पान हरवले तर ११९ पानांनी खेळता येत नाही. इथे नवा जोड घेऊन खेळावे, आणि ते शक्यही आहे. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरणपंथाला लागलेली गंजिफेची कला उभी केली. राजवाड्यात आजही पाने रंगवली जातात आणि विकत मिळतात. मैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने जुन्या पटांच्या खेळांची प्रदर्शने भरवली आणि त्यांचे नवे पट कारागिरांकडून करून घेतले. खेळ जिवंत ठेवायचा असेल तर नवा जोड विकत घेण्याने कारागीरही जगतो. मूळ जोड खेळायला काढण्याने फक्त मूळ जोड जातो.

एसी लावला की प्रश्न सुटतो, असेही सांगितले जाते. दिवसरात्र चालवता आला तर काही अंशी सुटतो. पण घरातला एसी रात्री झोपताना लावतात आणि सकाळी बंद करतात, वीज जाते, बिल पाहून महिनाभर तो लावतही नाहीत. अशा अधूनमधून चालणाऱ्या एसीने तेच दैनंदिन हेलकावे पुन्हा सुरू होतात. कापडाने भरलेली साधी पेटी विजेवर अवलंबून नसते.

आता तिसऱ्या भागाकडे, म्हणजे नियमांकडे. पट, सोंगट्या आणि फासे यांचा पूर्ण संच हाती असूनही दान पडल्यावर काय करायचे हे कुणाला ठाऊक नसेल, तर तो संच म्हणजे रंगीत लाकूड. या बाबतीत या शहराची पुण्याई मोठी आहे आणि ती शहराला फारशी ठाऊक नाही. इथल्याच हरिकृष्ण ज्योतिर्विद औरंगाबादकर यांनी १८७१ च्या सुमारास ‘बृहज्ज्योतिषार्णव’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यातले ‘क्रीडाकौशल्य’ हे प्रकरण बुद्धिबळ, गंजिफा, सोंगट्यांचे डाव अशा खेळांचे नियम सांगते. बुद्धिबळाच्या इतिहासाचे युरोपीय अभ्यासकही त्याचा आधार घेतात. ज्या काळात ब्रिटिश पत्ते घरोघर शिरत होते, तेव्हा ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांना जागा द्यावी असे या माणसाला वाटले. त्याच्या घरातला सारीपाट आज कुठे असेल कोण जाणे. त्याने लिहिलेले नियम मात्र वाचता येतात. मराठीत अनंत बाबाजी देवधरांचे ‘मराठी खेळांचे पुस्तक’ विसाव्या शतकाच्या आरंभी आले, तेही याच कामाचे. छायाचित्रे काढून संगणकात ठेवली की काम झाले, असे मानणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे की छायाचित्रात पट दिसतो, दान दिसत नाही. एकाच गावात दोन घरांचे नियम वेगळे असत. कुणाकडे पंचवीस पडल्यावर सोंगटी लागायची, कुणाकडे दहावर. ते फरक फक्त खेळणाऱ्यांच्या तोंडी आहेत.

जाता जाता कायद्याविषयी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते. ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. हस्तिदंती फासे किंवा कासवाच्या कवचाच्या गंजिफा घरात असतील तर १९७२ चाच वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे आणि वारशाने आलेली वस्तू बाळगायलाही मालकी प्रमाणपत्र लागते. हाड आणि हस्तिदंत यांतला फरक भिंगाखाली ओळखता येतो. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. परिचितांना दाखवण्यासाठी मांडलेला संग्रहच कधी चौकशीचा विषय होतो, तेव्हा कागद आधी पाहावेत.

पैशांचा क्रम लावायचा झाला तर पेटी, मांजरपाट, हातकागद आणि आर्द्रतामापक आधी; खेळायला एक नवा जोड त्यानंतर; आणि काचेचे कपाट घेतलेच तर सर्वांत शेवटी, लहानसे, खिडकीपासून दूर. या सगळ्याच्या आधी वही मात्र आजच घ्यावी. तुमच्या घरात सारीपाट, गंजिफा किंवा कवड्यांचा डाव खेळलेली सत्तरीपुढची कुणी मंडळी असतील, तर येत्या कोजागरीला पट उघडा, त्यांना खेळायला बसवा आणि त्यांच्या घरचे नियम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, दानांच्या नावांसकट.